वन-वे क्रूझ ठरवताय? आधी बोटीचा झेंडा बघा

एका बंदरात चढायचं, किनाऱ्या-किनाऱ्याने जायचं, त्याच देशातल्या दुसऱ्या बंदरात उतरायचं आणि तिथून विमान पकडून घरी, ऐकायला किती सोप्पं वाटतं ना. पण शोधायला बसा, नेमका हाच प्रवास सापडत नाही. राऊंड ट्रिप ढिगाने, परदेशात संपणाऱ्या पण बऱ्याच, आणि आपल्याला हवी असलेली सरळ साधी वन-वे मात्र गायब. मग लोक म्हणतात कंपन्यांना डिमांडच कळत नाही. डिमांड चांगली कळते हो, त्यांना परवानगी नसते!

याला कॅबोटाज म्हणतात. देशातल्या देशात, एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल किंवा माणसं न्यायचा धंदा आपल्याच झेंड्याच्या, म्हणजे आपल्याच देशात रजिस्टर झालेल्या बोटींनी करायचा, असा नियम जगातल्या बऱ्याच देशांत कमी-जास्त प्रमाणात आहे. आणि मोठमोठ्या क्रूझ बोटी रजिस्टर असतात बहामाज, पनामा, माल्टा, बर्म्युडा असल्या ठिकाणी. बोटीच्या मागच्या बाजूला नावाखाली बघा, बहामाजचं नासाऊ नाहीतर माल्टाचं व्हॅलेटा लिहिलेलं दिसेल, भले ती बोट तिकडे वर्षानुवर्षं फिरकलेली नसेल.

सगळ्यात कडक उदाहरण अमेरिकेचं. तिथला पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस अ‍ॅक्ट १८८६ चा आहे आणि अजून चालू आहे. परदेशी झेंड्याची बोट ज्या बंदरातून निघाली तिथेच परत येणार असेल तर मधे कुठलंही परदेशी बंदर घेतलं की भागतं. पण चढणं एका अमेरिकन बंदरात आणि उतरणं दुसऱ्या, असं असेल तर मधे 'लांबचं' परदेशी बंदर लागतं, आणि कॅनडा, मेक्सिको, सेंट्रल अमेरिका, बहुतेक सगळं कॅरिबियन हे लांबच्यात धरतच नाहीत. म्हणून सिअ‍ॅटलला चढून, मधे कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबून लॉस एंजेलिसला उतरणं परदेशी बोटीवर जमत नाही, आणि व्हँकुव्हर ते लॉस एंजेलिस मात्र आरामात जमतं, कारण सुरुवातच परदेशात. फ्लोरिडाहून पनामा कालव्यातून कॅलिफोर्नियाला जाणाऱ्या बोटी कोलंबियातल्या कार्ताहेनाला का थांबतात याचंही एक मोठं कारण हेच, दक्षिण अमेरिका लांबच्यात मोडते.

खरी गंमत (गंमत कसली, डोकेदुखी) दोन ट्रिपा जोडताना होते. अलास्कातल्या व्हिटियरहून व्हँकुव्हर, मग त्याच बोटीवर पुढे व्हँकुव्हर ते लॉस एंजेलिस. दोन्ही ट्रिपा वेगवेगळ्या बघितल्या तर कायदेशीर, पण जोडल्या की कस्टम्सच्या नजरेत तुम्ही व्हिटियरला चढलात आणि लॉस एंजेलिसला उतरलात, मधे लांबचं बंदर नाही, म्हणजे नियम मोडला. दंड माणशी शेकडो डॉलर, लावतात कंपनीला, पण तिकिटाच्या अटींमधे तो प्रवाशाकडून वसूल करायची सोय केलेली असते. मधल्याच बंदरात 'आम्ही इथेच उतरतो' म्हणणारे पण यातच अडकू शकतात. तेव्हा असलं काही डोक्यात असेल तर पैसे भरायच्या आधी कंपनीला लेखी विचारा.

माझं स्पष्ट मत, हा कायदा आता कोणाचं रक्षण करतोय तेच कळत नाही. सगळ्या अमेरिकेत अमेरिकन झेंड्याची मोठी समुद्री क्रूझ बोट एकच, प्राईड ऑफ अमेरिका, आणि ती हवाईत होनोलुलूहून निघून होनोलुलूलाच परत येते. २०२१ मधे कोविडमुळे कॅनडाने क्रूझना बंदरं बंद ठेवली, म्हणजे मधलं परदेशी बंदरच उरलं नाही, तेव्हा अलास्काचा अख्खा सीझन बुडायची वेळ आली, आणि तिथल्या संसदेला घाईघाईने तात्पुरती सूट द्यावी लागली. म्हणजे गरज पडली की सूट देता येते हे त्यांनाही माहितीये. दुसरी बाजू पण आहे म्हणा, या नियमामुळेच तिथल्या छोट्या देशी बोटींचा धंदा टिकून आहे आणि त्यावरच्या लोकांना तिथले कामगार कायदे लागू होतात. हे मला मान्य आहे. पण मग मोठ्या बोटींपुरती तरी वाट मोकळी करा की.

आणि खरं सांगू का, किनाराच बघायचा असेल तर मोठ्या बोटीचा एवढा हट्ट नकोच. मोठ्या बोटी रात्री चालतात, बऱ्याचदा किनाऱ्यापासून लांबून, कॅसिनो उघडायचा तर देशाच्या हद्दीबाहेर जावं लागतं ना. सकाळी डोळे उघडावेत तर पुढचं बंदर. नॉर्वेत बघा, बर्गन ते किर्केनेस, १८९३ पासून चालत आलेली किनारी बोटसेवा, ३४ बंदरं, माल पण चढतो-उतरतो आणि एका गावातून दुसऱ्या गावात जाणारी लोकं पण. काही बंदरांत बोट जेमतेम पंधरा-वीस मिनिटं थांबते. उत्तरेला जाताना जी गावं रात्री येतात ती परतीच्या वाटेवर दिवसा येतात, त्यामुळे एकाच बाजूचं तिकीट काढताना आपल्याला कुठली गावं उजेडात बघायचीयेत ते टाईमटेबलवरून आधी ठरवा. अमेरिकेतच बेलिंगहॅमहून अलास्काला जाणारी सरकारी फेरी आहे, तिच्यावर केबिन न घेता लोक डेकवर चक्क तंबू ठोकतात, वाऱ्याने उडू नये म्हणून चिकटपट्टीने चिकटवून. शो नाही, बुफे नाही, आणि बोट तिथल्याच झेंड्याची, त्यामुळे हा वन-वे प्रवास पूर्ण कायदेशीर.

तरी मोठीच बोट हवी असेल तर वसंतात आणि शरदात बघा, बोटी एका सीझनच्या जागेवरून दुसऱ्या जागी हलवतात तेव्हा वन-वे ट्रिपा निघतात, रिपोझिशनिंग म्हणतात त्याला. बरेचदा स्वस्त पडतात पण तारखा मोजक्या आणि समुद्र त्या दिवसांत जरा खवळलेला असू शकतो, ज्यांना बोट लागते त्यांनी विचार करावा.

केबिनची बाजू हा मुद्दा तर कोणी सांगतच नाही. राऊंड ट्रिपला जाताना नाही तर येताना किनारा तुमच्या बाजूला येतो, वन-वेमधे तो चान्सच नाही. पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे जात असाल तर जमीन उजवीकडे म्हणजे स्टारबोर्डला, दक्षिणेकडे असाल तर डावीकडे, पोर्टला. बाल्कनीचे जास्तीचे पैसे भरून आठवडाभर नुसतं मोकळं पाणी बघत बसायचं असेल तर तुमची मर्जी.

बजेट काढताना नुसतं बोटीचं भाडं बघून खूश होऊ नका. वन-वे विमान, एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडायच्या भाड्याच्या गाडीचा वेगळा चार्ज, चढायच्या आदल्या रात्रीचं हॉटेल, हे सगळं धरून मग राऊंड ट्रिपशी तुलना करा. मधे परदेशी बंदर येत असेल तर त्या देशाचा व्हिसा लागतो का तेही बघा, बोटीतून खाली उतरणार नसलात तरी. आणि उतरायच्या दिवशी सकाळचं फ्लाईट अजिबात घेऊ नका. बोट सहाला धक्क्याला लागली तरी कस्टम्स, सामान, टॅक्सीची रांग यात दहा सहज वाजतात, दुपारनंतरचंच घ्या.