पहिली वेलांटी की दुसरी?

परवा आमच्या बँकेच्या शाखेत एक गृहस्थ माझा हात हातात घेऊन म्हणाले, "साहेब, तुमची जिद्द मानली." मी त्यांच्या खात्याचा उतारा काढत होतो, एका कानात स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, बडबडत होता. उतारा घेऊन ते खूश होऊन गेले.

जिद्द वगैरे ठीक आहे हो. पण मी पदवीधर झालो तो दुसऱ्यांच्या हातांनी. अक्षरशः.

जन्मापासून दिसत नाही. अंध शाळेत ब्रेल पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचायचं आणि कागद उलटून डावीकडून वाचायचं, हे बोटांत बसलं होतं. कॉलेजात ते फारसं कामाला येईना. पुस्तकं मित्र कॅसेटवर वाचून द्यायचे आणि पेपर लिहायचा रायटर, म्हणजे मी सांगेन ते कागदावर उतरवणारा माणूस.

दुसऱ्या वर्षाचा अर्थशास्त्राचा पेपर. ठरलेल्या रायटरला ताप. शिपाईमामांनी शेजारच्या शाळेतून नववीतली मुलगी पकडून आणली. मी सांगितलं, "लिही, सीमांत उपयोगिता." पेन थांबलं. "दादा, 'गि' पहिली की दुसरी?"

मला वेलांटी हा प्रकारच ठाऊक नव्हता. ब्रेलच्या सहा टिंबांच्या चौकटीत ऱ्हस्व इ म्हणजे टिंबं २-४, दीर्घ ई म्हणजे ३-५, आणि दोन्ही व्यंजनाच्या नंतर, कानाला ऐकू येतात तशी. म्हटलं, ऱ्हस्व. "म्हणजे पहिली. ती अक्षराच्या आधी काढतात." आधी? ऐकू नंतर येतं आणि काढायचं आधी? पेपर चालू असताना मी तिला दोनदा विचारलं. शेवटचा प्रश्न राहिला तो राहिलाच.

त्या पेपरात काठावर पास झालो. पोरीचा राग कधीच आला नाही. आला तो पेपरच्या सकाळी रायटर शोधायला लावणाऱ्या व्यवस्थेचा.

म्हणून नोकरी लागल्यावर मी हेच काम धरलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये माझा फोन तापलेला असतो. कुणाला रायटर हवा, कुणाला नियम हवेत. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जास्तीची आहेत, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास. त्याच सूचनांत ब्रेल किंवा संगणकावर उत्तरं लिहायची मुभाही आहे. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात ४० टक्के अपंगत्वाच्या प्रमाणपत्राशिवायही रायटर मिळू शकतो असं स्पष्ट केलं. केंद्रावरच्या पर्यवेक्षकांना यातलं किती ठाऊक असतं? मी सूचनांची प्रत छापून मुलांच्या दप्तरात ठेवायला सांगतो.

माझं स्पष्ट मत आहे, रायटर ही तडजोड आहे. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली सुरू केलेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, मराठीही वाचतो. ज्या मुलाला टाइप करता येतं त्याने दुसऱ्याच्या हाताची वाट का बघायची?

गेल्या आठवड्यात बीएच्या एका मुलीने नेमकं हेच विचारलं. "काका, मला रायटर नको, कीबोर्ड द्या." कॉलेज म्हणतं, आमच्याकडे अशी पद्धत नाही. पत्र मीच लिहून दिलंय, सूचनांची प्रत जोडून.

उत्तर येईपर्यंत तिच्यासाठी रायटर शोधतोच आहे. सोमवारी सकाळी ११ वाजता, सांगली, समाजशास्त्र. कुणी मोकळं असेल तर इनबॉक्समध्ये या. अक्षर कसंही चालेल, फक्त वाचता आलं पाहिजे. वेलांट्या ती सांगेल, मी तिला शिकवल्यात.