म्हणे दिवाच काढून टाका!

यूपीएसवरचा (वीज गेल्यावर कॉम्प्युटर चालू ठेवणारा डबा) वायरिंग फॉल्टचा, म्हणजे अर्थिंग नसल्याचा किंवा वायरी उलट जोडल्याचा, लाल दिवा लागला की वायरमन येतो, सॉकेटात टेस्टर खुपसतो आणि म्हणतो, "काका, फेज येतोय की! दिवाच खराब असेल, काढून टाकू." अरे बाबा, टेस्टर फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, दाखवतो; गळकी वीज जमिनीत नेणारं अर्थिंग आहे की नाही हे त्याला काय कळणार? सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या इमारतीत तीन पिनांची सॉकेटं ऐटीत मिरवतात, पण वरच्या जाड भोकामागे अर्थिंगची वायरच नाही. समोरून पाहिलं तर फेज उजवीकडे, न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, डावीकडे. इतकं साधं! तरी रंगवाले प्लेट काढतात आणि कोणीतरी उलटं जोडून मोकळं होतं. मग मिक्सरचं बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडतं, आणि ते बंद असलं तरी आत २३० व्होल्ट हजर. मिक्सर फिरतोय ना, मग झालं.

बंदराच्या धक्क्यावरून वीज घेणाऱ्या बोटींवरही उलट जोडणीचा असाच दिवा असतो. तिथे तो लागला की केबल काढतात, आमच्याकडे दिवा!

गीझरच्या नळाला झिणझिण्या येतात, हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं. सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "रबरी चप्पल घालून आंघोळ करा."