सरळ खाली खणू नये

"मुलांच्या आवडीत आपणही रस घ्यायला हवा," असं बायकोने एका रविवारी पोहे परतता परतता जाहीर केलं. त्या ‘आपण’मध्ये ती स्वतः नाही, हे लग्नाच्या चौदाव्या वर्षी तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण समोर पोहे होते, वर ओलं खोबरं होतं. मी "हो, हो" म्हणालो.

मुलांची आवड म्हणजे माईनक्राफ्ट. थोरला अकरा वर्षांचा, धाकटी आठची. दोघांचं एरवी रिमोटपासून खिडकीच्या सीटपर्यंत कशावरही एकमत होत नाही, पण या खेळात दोघं सख्ख्या भावंडांसारखी वागतात. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: त्या जगात सगळं चौकोनी असतं. सूर्य चौकोनी, चंद्र चौकोनी, गाय चौकोनी, तिचं दूधही बहुधा चौकोनी. एक ठोकळा एक मीटरचा. असे ठोकळे फोडायचे आणि दुसरीकडे नेऊन रचायचे. आमच्या सोसायटीसमोर गेली सहा वर्षं महापालिका रस्त्याचं नेमकं हेच करते आहे, ते बघायला कोणी पैसे देत नाही. इकडे स्वीडनमधल्या मार्कुस पेर्सोन नावाच्या माणसाने २००९ मध्ये हा खेळ लोकांसमोर आणला, २०११ मध्ये तो पूर्ण होऊन विक्रीला आला, २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची अख्खी कंपनी अडीच अब्ज डॉलरला घेतली आणि २०२३ पर्यंत खेळाच्या ३० कोटींच्या वर प्रती खपल्या होत्या. त्यातल्या दोन आमच्या घरात आहेत. एक पुरत नाही.

"बाबा, तू पहिल्यांदा झाड तोड," थोरला म्हणाला.

"कशाने?"

"हाताने."

मी झाडाला बुक्क्या मारू लागलो. बुंध्याचा एक ठोकळा निघाला, दुसरा निघाला, आणि वरचा सगळा डोलारा हवेत तसाच तरंगत राहिला. त्याच वेळी माझे वडील, म्हणजे आबा, माझ्या खांद्यावरून डोकावत होते. आबा साताऱ्याकडचे, उभा जन्म शेतीत गेलेला, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आलेले. त्यांनी काळा चष्मा वर केला, नीट पाहिलं आणि मला म्हणाले, "मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात काय राहिलंय का बघ जरा. झाड पडंना."

मग लाकडाच्या फळ्या, फळ्यांचं टेबल, टेबलावर कुदळ. वर तीन फळ्या आडव्या, खाली मधोमध दोन काठ्या. घरची खरी कुदळ उचलायला लागू नये म्हणून तर मी शिकून पुण्यात नोकरी धरली होती, आणि आता त्रेचाळिसाव्या वर्षी माझ्या हातात कुदळ पाहून आबांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते माझ्या पदवीदान समारंभातही नव्हतं.

या खेळातला अख्खा दिवस वीस मिनिटांचा. त्यातली दहाच उजेडाची. माझी झाड, फळ्या, काठ्या अशी जुळवाजुळव होईपर्यंत सूर्य मावळला. अंधारात हिरव्या रंगाचं, बिनहातांचं, आखूड चार पायांचं एक उभट प्रकरण माझ्याकडे चालत आलं. आपल्याकडे पाहुणा आला की ‘या, बसा’ म्हणतात. मी थांबलो. ते जवळ आलं, ‘सुर्र’ असा आवाज झाला आणि माझ्यासकट ते फुटलं.

"क्रीपर होता तो!" धाकटी ओरडली. "पळायचं असतं!"

या क्रीपरचा जन्म चुकीतून झाला, ही मात्र मला मनापासून आवडलेली गोष्ट. पेर्सोनला करायचं होतं डुक्कर. लांबी आणि उंचीचे आकडे उलटसुलट झाले आणि आडव्या डुकराच्या जागी हे उभं भूत तयार झालं. त्याने ते तसंच ठेवलं. आमच्या फ्लॅटची बाल्कनी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही.

तरी मी चिकाटी सोडली नाही. रोज जेवणानंतर अर्धा तास आम्ही तिघं ‘कौटुंबिक उपक्रम’ करू लागलो. (हा शब्द बायकोचा. ती त्या अर्ध्या तासात एकटी, शांतपणे, पाय वर घेऊन मालिका बघत असे. तो उपक्रम कोणाच्या सोयीचा होता हे मला फार उशिरा कळलं.) त्या जगात रात्र संपवायची असेल तर सगळ्यांनी आपापल्या पलंगावर झोपावं लागतं. एक जण जरी जागा राहिला तरी उजाडत नाही. माझी मुलं तिथे सूर्य मावळताच पळत जाऊन पडत. "बाबा, झोप! लवकर झोप! तुझ्यामुळे सगळे अडकलेत!" हे मला रात्री पावणेदहाला ऐकवलं जाई, आणि त्यानंतर त्याच दोघांना खऱ्या गादीवर नेऊन टाकायला मला साडेअकरा होत.

एक दिवस मात्र मी खानदानाचं नाव बुडवलं. खाली खोल, लाव्हाच्या शेजारी, हिरे मिळतात. मुलांनी दोन आठवडे खणून चौदा हिरे जमवले होते. ते माझ्याकडे सांभाळायला दिले, कारण मी वडील. वर जाईपर्यंत आणखी एखादा मिळतोय का पाहावं म्हणून मी पायाखालचा ठोकळा फोडला. त्याच्याखालचा फोडला. या खेळाचा पहिला नियम असा की सरळ खाली खणू नये, आणि तो पहिलीतल्या पोरांनाही पाठ असतो. मला कोणी सांगितला नव्हता, किंवा सांगितला तेव्हा मी ऑफिसचा फोन घेत होतो. तिसऱ्या ठोकळ्याखाली लाव्हा होता. मी गेलो. चौदा हिरेही गेले, कारण लाव्हात पडलेलं परत मिळत नाही.

धाकटी रडली. थोरला रडला नाही, ते जास्त वाईट. त्याने टॅब बाजूला ठेवला, माझ्याकडे त्याच्या आईसारखं पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, तू उद्यापासून गाजरं लाव."

मी गाजरं लावू लागलो. आणि एवढ्या सगळ्यात आबांना पहिल्यांदा खेळात गोडी वाटली. पाण्याच्या चौकोनापासून चार ठोकळ्यांपर्यंत जमीन ओली राहते, हे ऐकून त्यांनी "बरं आहे, पाट काढायला नको" एवढंच म्हटलं. पण मी गाजरं घेऊन गावातल्या शेतकऱ्याकडे गेलो, बावीस गाजरं दिली आणि एक पाचू हातात आला, तेव्हा ते खुर्ची ओढून जवळ बसले.

"दलाल कुठाय?"

"नाहीये, आबा."

"हमाली?"

"नाही."

"तोलाई कापली असंल."

"काहीच नाही कापलं. बावीस गाजरं, एक पाचू. रोख."

आबा बराच वेळ गप्प राहिले. मग नातवाला म्हणाले, "आरं, ह्या गावाला यष्टी जाती का?"

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण ऑक्टोबरात सहामाही परीक्षा संपली आणि दिवाळीच्या किल्ल्याचा विषय निघाला. आजवर आमच्या सोसायटीत किल्ला म्हणजे प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा तयार डोंगर आणायचा आणि त्यावर मावळे उभे करायचे. यंदा थोरल्याने घोषणा केली, "आपण माईनक्राफ्टचा किल्ला करू. खरा. मातीचा." बायकोने माझ्याकडे ‘बघ, उपक्रम फळाला आला’ अशा नजरेने पाहिलं.

आबांची एकच अट: गड अजिंक्यताराच हवा. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने शिवकालीन किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. बारा किल्ले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्या यादीत साताऱ्याच्या वाट्याला प्रतापगड आला. "आला ते चांगलंच झालं," आबा म्हणत, पण त्यांच्या घराच्या अंगणातून दिसतो तो अजिंक्यतारा, आणि तो यादीत नाही, हे शल्य ते तीन महिने बाळगून होते.

पहिलाच वाद दगडावर झाला. "आपल्या डोंगराचा दगड काळा. बसाल्ट," मी ज्ञान पाजळलं.

"बसाल्ट तर नेदरमध्ये मिळतो," थोरला म्हणाला. नेदर म्हणजे त्या खेळातलं पाताळ.

"नेदर न्हवं, बाळा," आबा म्हणाले. "सातारा."

दुसरा वाद बुरुजाचा, आणि तो दोन दिवस चालला. माईनक्राफ्टमध्ये गोल काही नसतं. आबांच्या मते चौकोनी बुरूज हा बुरूजच नव्हे. गोल बुरुजावरून तोफेचा गोळा घसरून जातो आणि चौकोनाचे कोपरे आधी ढासळतात. थोरल्याने ऐकून घेतलं, आत गेला आणि गणिताच्या वहीचा आलेखाचा कागद घेऊन आला. त्यावर त्याने चौकोन रंगवले. वर तीन, मग दोन्ही बाजूंना एकेक खाली सरकत, बाजूला उभे तीन, पुन्हा एकेक. जवळून पाहिलं तर पायऱ्या, हातभर लांबून पाहिलं तर गोल. आबांनी कागद हातभर लांब धरला, मग ऑपरेशन न झालेल्या डोळ्यासमोर धरला. "ह्या डोळ्यानं तर पाक गोल दिसतोय," म्हणाले. मंजूर झालं.

आता मातीचे ठोकळे कशात पाडायचे? बर्फाच्या ट्रेमध्ये. ही कल्पना माझी, आणि लेखात कबूल करायला हरकत नाही, कारण घरात ती आधीच सिद्ध झाली आहे. दोन ट्रे मी किल्ल्यासाठी घेतले, दोन फ्रीजमध्ये ठेवले आणि धुऊन परत ठेवताना अदलाबदल झाली. धनत्रयोदशीला आलेल्या मावससासूबाईंच्या कोकम सरबतात तळाशी गाळ बसला. त्यांनी तो आमसूल समजून चमच्याने खाल्ला, छान लागलं म्हणाल्या. बायकोने त्यानंतर मला जे सांगितलं ते कौटुंबिक असलं तरी उपक्रमात मोडत नाही.

किल्ला मात्र चढत गेला. आतून विटा आणि गोणपाट, वरून चिखलाचे ठोकळे, उतारावर आळीव पेरलेला. थोरल्याने एका माचीचा सज्जा खाली काहीही आधार न देता बाहेर काढला. "गेममध्ये पडत नाही," तो म्हणाला. पडला. तो पुन्हा लावला. पुन्हा पडला. आबा मुकाट्याने एक काडी घेऊन खाली टेकू देऊन आले.

कुंभारवाड्यातून मावळे आणले. महाराज सिंहासनावर सगळ्यात वर बसले, त्याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. धाकटीने शाडूचे हिरवे क्रीपर केले होते, त्यांना कुठे बसवायचं हा प्रश्न. मी घाबरत घाबरत आबांकडे पाहिलं.

"ह्यो शत्रू हाय न्हवं?"

"हो, आबा. जवळ येऊन फुटतो."

"मग पायथ्याला ठेव. वर आला तर मावळे हायेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातपैकी पाच क्रीपर आडवे पडलेले, आणि माचीवर वॉचमनची मांजर झोपलेली. आळिवाचे कोंब तिच्या पोटाखाली दबलेले. मी हुसकायला गेलो तर धाकटी आडवी आली. क्रीपर मांजरीला घाबरतात, हे खेळात तसंच असतं म्हणे. मांजरीला तिने गडावर कायमची नेमणूक दिली आणि रोज अर्धी वाटी दूध तैनात म्हणून बांधून दिलं.

राहिला खंदक. आबांना वाटत होतं खंदकात पाणी हवं, त्यातून सलाईनच्या नळीचं कारंजं उडालं पाहिजे. त्यांनी नळी दवाखान्यातून मागूनही आणली होती. थोरल्याने हिशेब मांडला: दोन बाय दोनचा खड्डा, समोरासमोरच्या कोपऱ्यांत एकेक बादली पाणी. खेळात असं केलं की त्यातून कितीही उपसा, पाणी संपत नाही. हे तो सोसायटीच्या बागेत, नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी, मोठ्याने सांगत होता आणि आमचे सेक्रेटरी टँकरची पावती हातात धरून ऐकत होते. तीन टँकर झाले होते त्या आठवड्यात.

"खण," आबा म्हणाले आणि माळ्याची कुदळ माझ्या हातात दिली. खरी. वजन असलेली.

मी पहिला घाव घातला. बरा बसला. आबांनी मान डोलावली. सोसायटीतली चारदोन माणसं आकाशकंदील लावता लावता थांबली होती, म्हणून दुसरा जरा जोरात घातला. माती निघाली. तिसऱ्यासाठी कुदळ डोक्यावर नेली तेव्हा मागून धाकटीचा आवाज आला, "बाबा, सरळ खाली नको!"

उशीर झाला होता. खाली लाव्हा नव्हता. पाऊण इंची पाइप होता, बागेपासून ए विंगच्या टाकीपर्यंत गेलेला. पाणी आधी बुळबुळलं, मग थेट महाराजांच्या सिंहासनाच्या उंचीपर्यंत उडालं. सलाईनच्या नळीची गरज उरली नाही. मांजर गड सोडून पळाली. सेक्रेटरी पावती खिशात कोंबत व्हॉल्व्हकडे धावले, आबा "कारंजं झ्याक झालं" म्हणाले, आणि थोरला खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसून पाणी काठोकाठ चढताना बघत होता.

"दोन बाय दोनच आहे, काका!" तो सेक्रेटरींच्या पाठमोऱ्या आकृतीला ओरडून म्हणाला. "आता टँकर नको मागवू!"