पाचपैकी पाच

जुलैतलं बेळगाव म्हणजे माणसं स्वेटर घालून पावसाला शिव्या देत बसलेली. उकडत होतं ते फक्त आमच्या गाडीला. टिळकवाडीत चावी फिरवली रे फिरवली, की गार इंजिनावर रेडिएटरचा पंखा घोंघावत सुटायचा. समोर पिवळा दिवा.

मी जन्मभर जमाखर्च लिहिलेला माणूस, तरी मल्टीमीटर आणला. बॅटरीवर १२.६, इंजिन चालू असताना १४.२. मला स्वतःबद्दल आदर वाटू लागला. मग इंजिनातल्या पाण्याचा ताप मोजणाऱ्या कूलंट सेन्सरच्या जोडलेल्या प्लगात मागून टाचणी खुपसली, तर पाच. आकडा हलेचना. बारातले सात व्होल्ट कुणी खाल्ले, हे मी बायकोला विचारलं. तिनं भाकरी उलटली.

शेवटी उद्यमबागेतला मिस्त्री.

"खाल्लं नाही ओ काका कुणी. स्टार्टर मारताना बॅटरी दहावर येते, मग चौदावर चढते. असल्या हलत्या मापानं मोजायचं कसं? म्हणून ईसीयू, म्हणजे गाडीतला कॉम्प्युटर ओ, आपलं 'ऐदु' व्होल्ट वेगळं काढून सेन्सरला देते." (वाक्य मराठीत निघून कन्नडमार्गे घरी येणं, यात आमच्याकडे कुणाला नवल नाही.)

"मग आलं की पाच! पाचपैकी पाच!"

"तेच दुखणं हाय की! सेन्सर ते पाच खाली ओढतो. गार असताना तीनच्या आसपास, तापला की एकच्याही खाली. पूर्ण पाच म्हणजे ओढायला पलीकडं कुणीच नाही."

म्हणजे ईसीयूच्या लेखी माझं इंजिन उणे चाळीस अंशांवर होतं. फॅरनहाइटमध्येही ते उणे चाळीसच, त्यामुळे माप बदलूनही अब्रू वाचत नव्हती. असला आकडा तिलाही पटेना, म्हणून ती भिऊन पंखा सोडत होती.

मिस्त्रीनं प्लग काढून दोन्ही टोकं तारेनं जोडली. पाचच. मग सिग्नलचं टोक बॉडीला टेकवलं, आकडा धाडकन शून्यावर. "अर्थिंग गेलं," म्हणाला, आणि वायर माग काढत काढत इंजिनाखाली दिसेनासा झाला. वर आला तो कुरतडलेलं टोक घेऊन. उंदीर.

गाडीला टेकूनच गॅरेजात बेळगाव बासमतीचं पोतं उभं होतं. मी घरी येऊन आधी ते तपासलं. टाकासुद्धा उसवला नव्हता.

"नवा तांदूळ आणलात," बायको म्हणाली, "त्याला कळलं."