बुधवारचं इंग्रजी

“ताई, तू तिकडे गोऱ्या पोरांना इंग्रजी शिकवतेस आणि मला मराठी शाळेचे गुण सांगतेस. कमाल आहे तुझी!”

धाकट्या भावाचा हा टोमणा तीन आठवडे डोक्यात घोळतोय. तो कराडला, मी तुलूझला. त्याचा मुलगा यंदा पहिलीत जाणार. मराठी शाळा घराजवळ आहे, पण इंग्रजी माध्यमाची फी भरून झाली आहे. मी फोनवर दोन शब्द बोलले, आणि हे ऐकून घेतलं.

तुलूझ हे दक्षिण फ्रान्समधलं विमानांचं शहर. एअरबसमुळे इथं आपली माणसं बरीच. नवऱ्याच्या नोकरीपायी मीही आले. दोन वर्षांपूर्वी शेजारीण जिन्यात भेटली आणि अवघडत म्हणाली, “तुम्ही इंग्रजी बोलता ना? माझ्या मुलींशी बुधवारी थोडं बोलाल का?” इथल्या बऱ्याच प्राथमिक शाळांना बुधवारी सुट्टी असते. दोन मुली आल्या, मग त्यांच्या मैत्रिणी, मग एकीचा भाऊ. आता पाच जण आहेत. पैसे घेत नाही. जूनमध्ये चेरीचा मुरंबा येतो, तेवढा पुरतो.

मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेतली. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून. त्यामुळे इथं पहिला प्रश्न होता, शिकवायचं कशातून? भारतातून आणलेली ‘ए फॉर ॲपल’ची पुस्तकं पहिल्याच बुधवारी कपाटात गेली. कारण असं, की अक्षरं तीच, नावं भलतीच. इंग्रजीतला ‘ई’ म्हणजे फ्रेंच मुलांचा ‘आय’. इंग्रजी ‘जी’ ऐकलं की ती ‘जे’ लिहितात आणि ‘जे’ ऐकलं की ‘जी’, कारण फ्रेंचमध्ये या दोन अक्षरांची नावं जवळजवळ अदलाबदल झालेली आहेत. स्पेलिंग घालायला गेले की नुसता गोंधळ. म्हणून अक्षरांची नावं शेवटी शिकवायची, आधी कानानं आणि तोंडानं भाषा येऊ द्यायची, हे मी ठोकर खाऊन शिकले.

दुकानातल्या सुट्टीच्या अभ्यासवह्यांत इंग्रजीबद्दल सगळं फ्रेंचमध्ये समजावलेलं. ब्रिटिश कौन्सिलची मुलांसाठीची मोफत गाणी आणि चित्रपानं उपयोगी पडली. पण खरा खजिना निघाला आपल्याकडचाच. प्रथम बुक्स या प्रकाशनानं २०१५ साली ‘स्टोरीवीव्हर’ हे गोष्टींचं संकेतस्थळ सुरू केलं. गोष्टी मोफत, वाचनाच्या चार पातळ्यांत, आणि छापून घ्यायला, भाषांतर करायलाही मोकळीक. तिथल्या काही गोष्टी इंग्रजी, फ्रेंच आणि मराठी, तिन्हींत मिळतात. इंग्रजीत वाचायची, अडलं की फ्रेंच पान उघडायचं. चित्रात रिक्षा असते, चिंचेचं झाड असतं, आणि मुलांचे प्रश्न व्याकरण सोडून रिक्षावरच येतात. येऊ देत. प्रश्न इंग्रजीत विचारायचे, एवढीच अट.

आणि खेळ. ‘सायमन सेज’ला ही मुलं ‘झाक आ दी’ म्हणतात, म्हणजे ‘झाक म्हणाला’. मी लहानपणी ‘शिवाजी म्हणतो’ खेळले. नाव-गाव-फळ-फूल इथं ‘पती बाक’ या नावानं खेळतात, कागदावर रकाने आखून, तसंच भांडत. मुलांना खेळाचे नियम पाठ असतात, नवी असते ती फक्त भाषा. याहून चांगलं साधन मला तरी विकत मिळालेलं नाही.

चुका मात्र फार गोड. थोरलीनं एकदा लिहिलं, की मी रोज सकाळी ‘पेन’ (pain) खाते. पाव म्हणायचा होता तिला. फ्रेंचमध्ये पावाचं स्पेलिंग तेच, जे इंग्रजीत दुखण्याचं. ‘आय हॅव सेव्हन इयर्स’ तर सगळेच म्हणतात, कारण फ्रेंचमध्ये वय असतं ते जवळ बाळगायचं. ‘हॅपी’मधला ह गिळतात आणि ‘ॲपल’ला नको तिथं लावतात. ‘थिंक’ला ती ‘सिंक’ म्हणतात, मी अस्सल कराडी ‘थिंक’ म्हणते, आणि बरोबर आमच्यापैकी कुणाचंच नसतं. धाकटीनं एकदा विचारलं, “‘तू’ आणि ‘तुम्ही’ला इंग्रजीत वेगळे शब्द नाहीत? राजालाही ‘यू’च?” हो म्हटल्यावर तिचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मला तिचं दुःख नीट कळलं.

आता भावाच्या टोमण्याकडे येते. आपल्याकडे भाषेचा वाद पेटला की कुणीतरी फ्रान्सचं उदाहरण देतंच. “फ्रेंच बघा, इंग्रजीत विचारलं तर उत्तर देत नाहीत, याला म्हणतात अभिमान.” २०२५ मध्ये पहिलीपासूनच्या हिंदीवरून रान उठलं, १६ एप्रिल आणि १७ जूनचे शासन निर्णय २९ जूनला मागे घ्यावे लागले, तेव्हा माझ्या फोनवर हे उदाहरण पाचेक वेळा आलं. धाडणाऱ्यांपैकी निम्म्यांची मुलं इंग्रजी माध्यमात.

इथलं चित्र असं आहे. इंग्रजी इथल्या आईबापांनाही हवंय, चांगलंच हवंय. शाळेत पहिलीपासून आठवड्याला दीड तास परकी भाषा असते, बहुतेक ठिकाणी इंग्रजीच, आणि ते पुरत नाही म्हणून माझ्यासारखीला जिन्यात गाठतात. पण गणित, इतिहास, विज्ञान, चेष्टामस्करी, सगळं फ्रेंचमध्ये. इंग्रजीसाठी फ्रेंच शाळा सोडावी, हे मी एकाही शेजाऱ्याच्या तोंडून ऐकलेलं नाही. भावा, मी या मुलांना भाषा शिकवते. तू माध्यम बदलतोयस. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. ते धड शिकवलं जात नाही ही तक्रार मला मान्य. पण मग भांडण त्या तासाचं हवं.

हे मी त्याला बोलले. तो म्हणाला, “फ्रेंच पोरगी फ्रेंचमधून डॉक्टर होईल. माझ्या पोराला बारावीनंतर मराठीत काय आहे?” इथं माझी बोलती बंद झाली, खोटं कशाला सांगू. फ्रेंचच्या पाठीशी नुसता अभिमान नाही, कायदा आणि पैसा आहे. राज्यघटनेत १९९२ साली ‘प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच’ असं घातलं गेलं, १९९४ च्या तूबाँ कायद्यानं जाहिराती आणि करारांत फ्रेंच सक्तीची केली. विद्यापीठं फ्रेंचमध्ये चालतात. नवऱ्याच्या बैठका इंग्रजीत होतात, पण पगाराचा करार फ्रेंचमध्येच आला. एवढं बांधकाम खाली असेल तर आईबाप निर्धास्त राहतात. कराडच्या बापाकडून ती निर्धास्ती मागायची कशाच्या जोरावर?

फ्रान्सचं उदाहरण देणारे आणखी एक गोष्ट सांगत नाहीत. तुलूझची मेट्रो स्थानकांची नावं दोनदा घोषित करते, एकदा फ्रेंचमध्ये, एकदा ऑक्सितानमध्ये. ही इथली जुनी भाषा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शाळा सक्तीची झाली ती फ्रेंचमधून, आणि वर्गात गावची बोली बोलणाऱ्या पोरांना शिक्षा व्हायच्या. त्या लाजेला ऑक्सितानमध्ये ‘वेर्गोन्या’ असा शब्दच आहे. शेजारणीच्या पणजीला ती भाषा येत होती, शेजारणीला चार शिव्या येतात. आता ऑक्सितान माध्यमाच्या थोड्या खासगी शाळा आहेत, पाट्या आहेत, मेट्रोतला आवाज आहे. ‘फ्रान्ससारखं व्हा’ असं ऐकलं की मला मेळघाटातलं, घरी कोरकू बोलणारं मूल आठवतं. त्याला पहिलीच्या वर्गात मराठीच परकी असते. २०२५ च्या सगळ्या गदारोळात त्याच्याबद्दल कुणी बोललेलं माझ्या तरी कानावर आलं नाही.

गेल्या बुधवारी भाच्याचा व्हिडिओ कॉल नेमका वर्गाच्या वेळी आला. केजीत त्याला रंगांची इंग्रजी नावं शिकवली आहेत. त्यानं ती घडाघडा म्हणून दाखवली, या पाच जणांनी टाळ्या वाजवल्या. मग कुणालाच पुढे बोलायला काही सुचेना. शेवटी मी म्हटलं, “शिवाजी म्हणतो, हात वर!” त्यानं हात वर केले, त्याचं पाहून यांनीही. दहा मिनिटं धुडगूस चालला. आता इथला खेळ ‘शिवाजी सेज’ झालाय आणि ‘झाक’ला कुणी विचारत नाही.

रात्री भावाचा मेसेज आला. “त्या रिक्षाच्या गोष्टीची मराठी पण आहे म्हणालीस ना? पाठव.” पाठवली. पाच मिनिटांनी दुसरा मेसेज, “इंग्रजीपण पाठव.”