हूव्हरची ट्रॉफी आणि दादाचे पन्नास हजार

काल रात्री साडेअकराला नाशिकच्या मामेभावाचा व्हॉइस मेसेज, "अरे, पोराला बेसबॉलला घालतोय, कॅम्पचे पन्नास हजार उद्या भरतो." सोबत तो फॉरवर्ड, जो गेले चार दिवस सगळ्या ग्रुपवर फिरतोय. ट्रॉफीचा फोटो आणि खाली लिहिलंय की अमेरिकेत अलाबामातल्या हूव्हरला कॉलेजांची जी एसईसी स्पर्धा होते ती जिंकली की टीम अमेरिकेची चॅम्पियन, हरली की सीझन खलास, आणि खेळणाऱ्या प्रत्येक पोराचं कॉलेज फुकट.

चॅम्पियन कसली डोंबलाची! एसईसी ही 16 कॉलेजांची एक कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट, अशा तिकडे ढिगाने आहेत. जिंकलं की 64 टीमच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट एंट्री, बास. 2022 ला ओल मिस, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाची टीम, हूव्हरला पहिलीच मॅच हरून घरी गेली, राष्ट्रीय स्पर्धेत निवडीतून कशीबशी घुसली आणि जूनमध्ये ओमाहाला, जिथे त्या स्पर्धेची शेवटची फेरी होते, चॅम्पियन झाली. उलट 2025 ला व्हँडरबिल्ट कॉलेजने हूव्हर मारलं, राष्ट्रीय स्पर्धेत पहिलं मानांकन मिळवलं आणि पहिल्याच टप्प्यात घरच्या मैदानावर गारद. हां, छोट्या कॉन्फरन्समधून बऱ्याचदा एकच टीम पुढे जाते, तिथे हरलं की खरंच बॅग भरायची, तेवढं मान्य.

आता ते फुकटचं, ज्याच्यापायी दादा खिशात हात घालतोय. कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएएचा वर्षानुवर्षं नियम होता, डिव्हिजन वनच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीच्या, अख्ख्या बेसबॉल टीमला मिळून 11.7 स्कॉलरशिप. अकरा पॉइंट सात! त्या जास्तीत जास्त 27 पोरांत वाटायच्या. भागाकार कर दादा, सरासरी निम्मी फीसुद्धा सुटत नाही, उरलेली बापाने भरायची, तीही डॉलरमध्ये. 2025 ला कोर्टातल्या तडजोडीनंतर ही मर्यादा गेली, हेही खरं, आता त्या तडजोडीत आलेलं कॉलेज 34 च्या 34 जणांना पूर्ण फी देऊ शकतं. देऊ शकतं, देतंच असं नाही, आणि 34 च्या वर पोरं ठेवता येत नाहीत म्हणजे जागा उलट आवळल्यात. तिकडची पोरं पाच-सहा वर्षांची असल्यापासून खेळतात, आपलं रत्न नववीत आहे आणि परवा मला विचारत होतं की काका, ग्लोव्ह उजव्या हातात घालतात की डाव्या.

दादाला म्हटलं, कॅम्पवाल्याला एवढंच विचार, तुमचा कुठला पोरगा कुठल्या कॉलेजात आणि त्याची किती टक्के फी माफ. सकाळी फोन केला त्याने. ते म्हणे ब्रोशर पाठवतो.