'युद्धाची मजा' म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकन लेखिका सुझान कॉलिन्सच्या 'ग्रेगर द ओव्हरलँडर' या मुलांसाठीच्या कादंबरी-मालिकेवर मी लिहिलं होतं, त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली की "ही पुस्तकं मुलांना युद्धाची मजा शिकवतात आणि तुमच्यासारखे हौशी लोक डोळे झाकून ती मुलांच्या हातात देतात". शिवाय लेख लांबलचक आहे, शेवट फोडलाय, पात्रांची नावं लक्षात राहत नाहीत वगैरे. शेवट फोडण्याआधी वर सूचना हवी होती, हे मान्य, आता टाकलीये.

पण 'तुमच्यासारखे हौशी लोक' ही काय भाषा झाली? तुम्ही मला ओळखत नाही, मी मुलांसोबत किती वर्षं वाचतोय ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि तरी एका ओळीत निकाल! पुस्तक आवडलं नाही म्हणा, माझं म्हणणं पटलं नाही म्हणा, त्यावर मी रात्रभर बोलेन. माणसाला हिणवून सुरुवात केलीत की पुढचं ऐकायची इच्छाच जाते. आणि 'डोळे झाकून' म्हणताय, पण पहिला भाग अर्ध्यात सोडला हे तुम्हीच तुमच्या प्रतिक्रियेत लिहिलंय. मग डोळे कोणी झाकलेत?

आता 'युद्धाची मजा'. पाच भाग आहेत, २००३ ते २००७ मध्ये आलेले. ग्रेगर हा जमिनीखालच्या जगात पोचलेला मुलगा. दुसऱ्या भागात भविष्यवाणीनुसार त्याने पांढऱ्या घुशीला, बेनला, मारायचं असतं. तो पोचतो तर समोर घाबरलेलं पिल्लू, आणि तो त्याला मारत नाही. तेच पिल्लू पुढे क्रूर सत्ताधारी होतं आणि पाचव्या भागात त्याला संपवताना ग्रेगरचा वटवाघूळ मित्र एरिस मरतो. म्हणजे दया दाखवली ती बरोबर की चूक, हे पुस्तक मुलाच्या हातात ठेवून मोकळं होतं, उत्तर देत नाही. तिसऱ्या भागातली रोगाची साथ तर माणसांनीच हत्यार म्हणून तयार केलेली निघते, चौथ्यात घुशी उंदरांना विषारी वायूने मारतात, आणि शेवटी ग्रेगर स्वतःची तलवार मोडून टाकतो. यात मजा कुठे दिसली तुम्हाला?

आणि हो, माझे वडील सैन्यात होते. ते सीमेवर असताना घरातले मला फक्त 'बाबा कामावर आहेत' एवढंच सांगायचे, आणि मोठ्यांचे चेहरे बघून मी मनात काहीही रचायचो, जे खऱ्यापेक्षा जास्त भयंकर असायचं. कॉलिन्सचे वडीलही अमेरिकेच्या हवाई दलात, ती लहान असताना १९६८ मध्ये व्हिएतनामला गेलेले. म्हणून मला तिचं लिखाण जवळचं वाटतं. मुलांपासून युद्ध लपवलं की ती सुरक्षित राहतात, असं मला कुणी सांगू नये, मी ते बालपण जगलोय.

तुमच्या मुलीला वाईट वाटलं म्हणता, तर तिच्याशी बोला, काय टोचलं ते विचारा. ती एरिससाठी रडली असेल तर तिने पुस्तक नीट वाचलंय, तुमच्याहून नीट.

नावं लक्षात राहत नाहीत आणि लेख लांब आहे, यावर मला काही म्हणायचं नाही. पाचवा भाग पूर्ण वाचलात की लिहा, तेव्हा जरूर बोलू.